विटाळ, जंतू आणि आरोग्य स्वयंसेविका

महाडच्या चवदार तळ्याच्या इतिहासातील एक तपशील आरोग्याच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाजाने त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' करून घेतली. त्यासाठी दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांचे १०८ घडे तळ्यात रिते करण्यात आले. त्याआधी ४३ वर्षे, म्हणजे १८८४ साली, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कोलकात्यात पटकीच्या जंतूची ओळख पटवली होती आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यात तो जंतू दाखवून दिला होता. तळ्याचे पाणी कशाने दूषित होते, याचे उत्तर विज्ञानाने याच देशाच्या भूमीवर दिले होते. तरीही माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, अशी समजूत चार दशकांनंतर जाहीरपणे आचरली गेली.

विटाळ आणि जंतू या दोन कल्पनांमधले हे अंतर म्हणजेच आरोग्य साक्षरतेचा प्रश्न होय. आपल्या समाजव्यवस्थेने विटाळाचे नियम फार बारकाईने रचले. बाळंतिणीचा विटाळ, मासिक पाळीचा विटाळ, प्रेताचा विटाळ, जातीचा विटाळ. या नियमांनी एकही साथ थांबली नाही. उलट ज्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांच्याच वाट्याला डबक्याचे पाणी आणि त्यातून येणारे आजार आले. आज गावोगावी फिरणारी आरोग्य स्वयंसेविका विटाळाच्या जागी जंतूचे ज्ञान ठेवण्याचे काम करते. तिला काय माहीत असावे, ते तिला का माहीत असावे आणि आपण तिच्या पाठीशी कसे उभे राहावे, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

माहिती आणि साक्षरता

'पाणी उकळून प्या' हे वाक्य भिंतीवर रंगवले, म्हणजे माहिती दिली गेली. पाणी का उकळायचे, उकळल्यानंतर ते कसे साठवायचे, सरपण किंवा गॅस परवडत नसेल तर दुसरा उपाय कोणता आणि नळाला गढूळ पाणी आले तर ग्रामपंचायतीत कोणाला जाब विचारायचा, हे ज्याला कळते तो आरोग्यसाक्षर. म्हणजे आरोग्य साक्षरतेच्या तीन पायऱ्या आहेत : काय करावे हे ठाऊक असणे, ते का करावे हे उमगणे आणि त्यानुसार निर्णय घेण्याची व हक्क मागण्याची क्षमता येणे. पहिल्या पायरीवर थांबलेली स्वयंसेविका केवळ निरोप पोहोचवते. 'का' या प्रश्नाचे उत्तर जिच्यापाशी आहे, तिचे शब्द घरातल्या सासूबाईंनाही पटतात.

पटवण्याचे महत्त्व इतिहासाने कठोरपणे शिकवले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. सरकारने साथरोग कायदा केला, शिपाई घराघरांत शिरले, रुग्णांना व त्यांच्या नातलगांना जबरदस्तीने हलवण्यात आले. लोकांना कारणे कोणी सांगितली नाहीत, त्यांचा विश्वास कोणी मिळवला नाही. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. त्याच काळात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकीकडे धाक होता, दुसरीकडे जवळीक होती. लोक रुग्णाला कोणाच्या हवाली करतील, हे वेगळे सांगायला नको.

रुग्णसेवकाच्या अंगी काय असावे, याचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. विनयपिटकाच्या महावग्गात, अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मळात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने न्हाऊ घातल्याचा प्रसंग आहे. तेथेच चांगल्या सेवकाची लक्षणे दिली आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे, रुग्णाला काय हितकर व काय अहितकर हे त्याला कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र किंवा वांती काढताना त्याला किळस वाटू नये आणि रुग्णाला धीर देता यावा. यांतील दुसरे लक्षण म्हणजे हिताहिताचे ज्ञान. करुणेला ज्ञानाची जोड हवी, हा त्याचा अर्थ.

जामखेडने दिलेले उत्तर

हे ज्ञान कोणाला देता येते? फक्त शिकलेल्यांना, असा समज पुष्कळ काळ होता. तो खोडून काढणारा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठवण्याचा प्रयत्न केला, पण बाहेरून आलेली परिचारिका गावात रुजत नाही, असे आढळले. मग गावांनीच आपल्यातील स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या, काही परित्यक्ता किंवा विधवा होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एखादा विषय शिकत, गावी जाऊन तो वापरून पाहत आणि पुढच्या आठवड्यात आलेल्या अडचणी घेऊन परत येत. शिक्षक या नात्याने आम्हाला ही पद्धत विशेष मोलाची वाटते. एकदाच शिबिर घेऊन प्रमाणपत्र हाती देण्याऐवजी तेथे शिकणे आणि करणे यांची साखळी वर्षानुवर्षे अखंड चालली.

परिणाम आकड्यांत दिसले. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये तेथील बालमृत्यूदर दर हजार जन्मांमागे १७६ होता, तो १९७६ पर्यंत ५२ वर आला. या घटीमागे मोठी यंत्रसामग्री नव्हती. स्वच्छ पाणी, लसीकरण, सुरक्षित बाळंतपण, पुरेसा आहार आणि जुलाबावर वेळीच उपचार, एवढीच तिची साधने होती. दुष्काळाच्या त्या वर्षांत प्रकल्पाने कूपनलिका खोदताना हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले. पाण्यासाठी सारे गाव त्या वस्तीत येऊ लागले. ज्या बाईची सावली टाळली जाई, तिच्याच हाती बाळंतीण सोपवली जाऊ लागली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, परंतु या प्रयोगाचे खरे मोल ज्ञान आणि प्रतिष्ठा यांच्या त्या वाटपात आहे.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हेच सूत्र नवजात बालकांसाठी वापरले. ३९ गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि त्यावर उपचार करणे शिकवण्यात आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या गावांतील नवजात मृत्यूदर दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो जवळपास होता तेथेच राहिला. आज देशभर आशा स्वयंसेविका बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक दिवशी भेटी देतात, त्या कार्यक्रमाचे मूळ या कामात आहे.

'का' या प्रश्नाची पाच उत्तरे

आता काही नेहमीच्या सल्ल्यांमागील कारणे पाहू. प्रत्येक माजी विद्यार्थ्याला व पालकाला ती सांगता यावीत, अशी आमची अपेक्षा आहे.

पहिला सल्ला : नाळेवर काहीही लावू नये. पूर्वी बाळाची नाळ विळ्याने किंवा पात्याने कापून तिच्यावर शेण, राख किंवा हळद लावीत. जनावरांच्या शेणात आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. नाळेच्या ताज्या जखमेतून ते शरीरात शिरले, की काही दिवसांत बाळ दूध ओढेनासे होते, आखडते आणि दगावते. गरोदरपणात मातेला दिलेली धनुर्वात प्रतिबंधक लस, निर्जंतुक पाते आणि कोरडी ठेवलेली नाळ एवढ्याने हे मरण टळते. २०१५ साली भारतात माता व नवजात धनुर्वाताचे दूरीकरण झाल्याची नोंद झाली. पवित्र मानलेली वस्तू स्वच्छ असतेच असे नाही, याचे याहून ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

दुसरा सल्ला : जुलाब होताच जलसंजीवनी द्यावी. जुलाबात मूल जंतूपेक्षा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने दगावते. 'पाणी पाजले की जुलाब वाढतात' हा समज म्हणूनच घातक आहे. आजारी आतड्यातही साखर आणि मीठ एकत्र शोषले जाण्याची वाट उघडी असते आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते. नुसते पाणी किंवा नुसती साखर हे काम नीट करत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. पाकीट असेल तर ते त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण मिसळावे. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये, कारण जास्त मीठ बाळाला अपायकारक ठरते. सोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्या आणि चालू असलेले स्तनपान हवेच. डोळे खोल गेले, मूल सुस्त झाले, पिणे थांबले किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरी थांबू नये.

तिसरा सल्ला : टीसीएल पावडर टाकल्यानंतर तासभर थांबावे. विहिरीत किंवा टाकीत पावडर टाकली की काम संपले, असे अनेक ठिकाणी मानले जाते. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर साधारणतः १००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम लागते. ती आधी थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी पाण्यात सोडायची. जंतू मारण्यास क्लोरीनला अवधी लागतो, म्हणून तासभर थांबायचे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडते, म्हणून आधी गाळ बसू द्यायचा. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जाते, म्हणून साठवणही झाकलेली व कोरडी हवी. शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करून पिवळा रंग आला, तरच पाणी सुरक्षित समजावे. आमचा आग्रह 'शेवटच्या' या शब्दावर आहे. गावाच्या जलवाहिनीचे शेवटचे टोक बहुधा कोणाच्या वस्तीत असते, हे वाचकांना ठाऊक आहे. टाकीखालच्या नळावर चाचणी करून वहीत नोंद घातली, तर वस्तीला काय मिळते ते कधीच कळणार नाही.

चौथा सल्ला : आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रांजण, टाकी, कूलर, टायर, फुटके डबे ही त्याची घरे. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः ८ ते १० दिवस लागतात. म्हणून दर ७ दिवसांनी पाणी ओतून दिले, की अळीचा डास होण्यापूर्वीच साखळी तुटते. भांडे नुसते रिकामे करणे पुरत नाही, ते आतून घासावेही लागते, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. ज्या वस्तीत चार दिवसांनी पाणी येते, तेथे पाणी साठवणे ही चैन नव्हे. तेथे झाकण, कापड आणि नियमित पाणीपुरवठ्याची मागणी हाच खरा उपाय.

पाचवा सल्ला : लग्नाआधी सिकलसेलची चाचणी करावी. हा विषय आपल्या समाजाच्या थेट जिव्हाळ्याचा आहे. विदर्भात आदिवासी समाजांबरोबर पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही हा आनुवंशिक रक्तदोष लक्षणीय प्रमाणात आढळतो. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून पंडुरोग, हाडांच्या असह्य वेदना आणि वारंवार होणारे जंतुसंसर्ग उद्भवतात. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात दोष नसेल, तर बाळाला आजार होत नाही. फार तर ते वाहक होते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो सर्वसामान्य आयुष्य जगतो. पत्रिका जुळवणे आपण सोडले, ते योग्यच केले. आता रक्ताचा अहवाल पाहण्याची सवय लावून घ्यावी. मात्र वाहक मुलीला 'दोषी' ठरवून नाकारणे, म्हणजे जुना विटाळ नव्या नावाने घरात आणणे होय.

स्वयंसेविका म्हणजे फुकटची माणसे नव्हेत

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणतः १००० लोकसंख्येमागे एक या प्रमाणात आशा स्वयंसेविका नेमण्यात आल्या. आज देशात त्यांची संख्या सुमारे १० लाख आहे. कोरोनाच्या काळात त्यांनी दारोदार जाऊन केलेल्या कामाची दखल घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्यांना सन्मानित केले. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, क्षयरोगाच्या संशयितांचा शोध, हिवतापाची रक्ततपासणी, कुष्ठरोगाची पाहणी अशी अनेक कामे त्यांच्याकडे आहेत.

तरीही त्यांना 'कर्मचारी' न म्हणता 'स्वयंसेविका' म्हटले जाते, वेतनाऐवजी मानधन व कामागणिक मोबदला दिला जातो आणि तो वेळेवर मिळावा म्हणून त्यांना रस्त्यावर उतरावे लागते. सेवेचा गौरव करायचा आणि श्रमाचे मोल टाळायचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. गावकीची कामे याच रीतीने करून घेतली जात. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. ते कर्तव्य एका बाईच्या चपला झिजवून भागवता येणार नाही. जामखेडच्या स्त्रियांच्या मागे रुग्णालय, औषधे आणि दर आठवड्याचे शिक्षण उभे होते. उपकेंद्रात औषध नसेल, रुग्णवाहिका वेळेवर येत नसेल, तर सर्वांत ज्ञानी स्वयंसेविकाही हात चोळत राहते. म्हणून तिच्या ज्ञानाची अपेक्षा आणि तिच्या हक्कांची मागणी या दोन्ही गोष्टी आपण एकत्रच मांडल्या पाहिजेत.

निवासी शाळा आणि वस्ती

निवासी शाळा हीदेखील एक वस्तीच आहे. येथे आरोग्याचा धडा पुस्तकातून नव्हे, तर दिनक्रमातून शिकता येतो. खरजेचे उदाहरण घ्या. खाज सुटलेल्या एकट्या मुलाला मलम लावून खरूज जात नाही. तिचा किडा त्वचेत राहतो आणि लागण झाल्यावर खाज सुटायला काही आठवडेही लागू शकतात. म्हणून खोलीतील सर्वांनी एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत मलम लावायचे, कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची. एकाने टाळले तर साऱ्यांना पुन्हा होते. सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय, हे शिकवण्यास इतका सोपा धडा दुसरा मिळणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी, मुलींना पाळीविषयी मोकळेपणाने दिलेली माहिती, जेवणाआधी साबणाने हात धुणे हे त्याच दिनक्रमाचे भाग होत.

येथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शिक्षक, लिपिक, परिचारिका, अभियंते, शेतकरी, सरपंच अशा विविध भूमिकांत आहेत. त्यांच्यापुढे आम्ही काही साधी कामे ठेवतो. आपल्या गावच्या आशाताईंना भेटावे, त्यांच्याकडे कोणते साहित्य नाही ते विचारावे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठका होतात का, तिचा निधी कशावर खर्च होतो, हे ग्रामसभेत विचारावे. वस्तीतील शेवटच्या नळाची ओटी चाचणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. विहारात रविवारी जमणाऱ्या मंडळींपुढे महिन्यातून एकदा आशाताईंना बोलावून एक विषय समजावून घ्यावा, आणि त्यांना खुर्ची व सन्मान दोन्ही द्यावेत. परिचारिका व डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा शाळेत येऊन सिकलसेल व रक्तातील हिमोग्लोबिनच्या तपासणीचे शिबिर घ्यावे आणि अहवाल गोपनीय राहतील याची काळजी वाहावी.

पाण्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी महाडला मिळवायला सुरुवात केली. ते पाणी निर्मळ आहे की नाही, हे तपासण्याचे ज्ञान मिळवणे आणि ते वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत नेणे, हे आपल्या पिढीचे काम आहे. ओटी चाचणीची एक लहानशी बाटली आणि ती वापरण्यामागचे कारण, एवढ्यापासून ते सुरू करता येईल.